पंच्याहत्तरच्या आधी बाया झोपल्या होत्या का?

(आपल्या सामुदायिक रेडिओवरचं भाषण, वाचनासाठी थोडं वाढवून)



महिला दिनाच्या कार्यक्रमात आम्ही एक वाक्य बोलून गेलो होतो : "आपल्याकडे स्त्रीमुक्तीची चळवळ १९७५ साली सुरू झाली." दुसऱ्या दिवशी पैनगंगेकाठच्या एका गावातून फोन आला. बोलणाऱ्या आजी त्यांच्या बचत गटात वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग पंच्याहत्तरच्या आंदी बाया झोपल्या होत्या का व माय?"

आम्ही हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेने सातबाऱ्यावर नाव लावायची गोष्ट घरात काढली होती. त्यावर घरातले पुरुष म्हणाले, "हे शहरातल्या बायांचं खूळ आहे, बाहेरून आलेलं. आपल्यात असं नसतं." आणि त्याच आठवड्यात आमच्या रेडिओने सांगितलं की हे सगळं पंच्याहत्तर साली सुरू झालं. "तुमीच असं म्हणता, तं सुनेनं घरात काय सांगावं?" असा आजींचा सवाल होता.

चूक आमची होती. म्हणून आजचं भाषण त्या आजींसाठी आणि त्यांच्या सुनेसाठी. स्त्रियांच्या चळवळीच्या इतिहासाचे टप्पे कसे पाडतात, कोण पाडतं, आणि त्यात आपण कुठे बसतो, हे आज आपण पाहू.

काळाला खुणा लागतातच

टप्पे पाडणं हे काही फक्त शिकलेल्यांचं काम नाही. आपण रोज ते करतो. "बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची होते." "थोरलीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या साली." एखाद्या घरात धन्याला विचारलं, तर तो सांगेल : विहीर खणली ते साल, बैलजोडी घेतली ते साल, कर्ज झालं ते साल. त्याच घरातल्या बाईला विचारलं, तर ती बाळंतपणांवरून साल मोजेल. घर एकच, वर्षंही तीच. खुणा मात्र वेगळ्या.

इतिहासाचंही असंच असतं. सगळा काळ एका दमात सांगता येत नाही, म्हणून अभ्यासक त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला नाव देतात. त्यात चुकीचं काही नाही. फक्त दरवेळी विचारायचं की ही खूण कोणी लावली आणि कशावरून लावली.

पुस्तकांतल्या लाटा

स्त्रीवादाच्या पुस्तकांत 'लाट' हा शब्द फार भेटतो. पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट. हे नाव अमेरिकेतून आलं. तिथे १९६८ च्या सुमारास स्त्रिया पुन्हा मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊ लागल्या, तेव्हा एका वर्तमानपत्रातल्या लेखाने त्याला 'दुसरी लाट' म्हटलं. दुसरी म्हटली की आधीच्या चळवळीला आपोआप 'पहिली' हे नाव पडलं.

पहिली लाट म्हणजे मताचा, मालमत्तेचा, शिक्षणाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची. तिची सुरुवात अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स या गावी १८४८ साली भरलेल्या सभेपासून धरतात. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तिथे ही लाट संपली असं मानतात. दुसरी लाट १९६० नंतरची. तिने घराच्या आतले प्रश्न बाहेर आणले : घरकाम कोणाचं, मूल कधी हवं, नवऱ्याचा मार हा घरगुती मामला कसा? तिसरी लाट १९९० नंतरची. तिने विचारलं की 'बाई' म्हणता ती नेमकी कोणती? गोरी, काळी, गरीब, श्रीमंत सगळ्यांचं दुखणं एकच कसं? आणि अलीकडे मोबाइलवरून एकमेकींशी जोडून घेत छळाविरुद्ध बोलणाऱ्या मुलींच्या काळाला काही जण चौथी लाट म्हणतात.

पण याच हिशेबातली एक गोम बघा. १९२० मध्ये अमेरिकेत मताचा हक्क मिळाला खरा, पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या स्त्रियांना नाना अटी घालून मतदानापासून दूरच ठेवलं. त्यांच्या मताला कायद्याचं खरं संरक्षण १९६५ साली मिळालं. म्हणजे गोऱ्या बाईची लाट जिथे 'संपली', तिथे काळ्या बाईची लढाई अर्ध्यावर होती. रेघ ओढणाऱ्यांनी तिला विचारलंच नव्हतं.

आपल्याकडचे तीन टप्पे

महाराष्ट्राचा इतिहास सांगताना साधारण तीन टप्पे करतात. एकोणिसाव्या शतकातली समाजसुधारणा, मग स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ, आणि १९७५ च्या आसपासची स्त्रीमुक्तीची चळवळ.

पहिल्या टप्प्यात आपल्याला सावित्रीबाई आणि जोतिराव फुले ठाऊक आहेत. पुण्यात मुलींची शाळा निघाली तेही साल १८४८. सातासमुद्रापलीकडे सेनेका फॉल्सची सभा भरली त्याच वर्षी! कोणी कोणाकडून उसनं घेतलं नव्हतं. याच शाळांमधली मांग समाजातली एक विद्यार्थिनी मुक्ता साळवे. तिने १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या समाजातल्या बाईला बाळंतपणातही डोक्यावर धड छप्पर नसतं, हे तिने तेव्हा लिहिलं. 'बाई म्हणता ती नेमकी कोणती' हा प्रश्न पुस्तकांत तिसऱ्या लाटेचा आहे. आपल्याकडे तो एका शाळकरी मुलीने १८५५ मध्ये मांडला होता.

याच काळातली रखमाबाई. लहानपणी झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं तिने मुंबईच्या कोर्टात ठामपणे सांगितलं. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, ती विलायतेत जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटकडे तिने आयुष्यभर रुग्णांची सेवा केली.

आणि आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या एका विधवेला बाळाला मारल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून पुरुषांनाच जाब विचारला. जे दोष बाईच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत का? विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही आणि पुरुषाने बायको मेली की लगेच दुसरी आणायची, हा कुठला न्याय? ही बाई पुण्या-मुंबईची नव्हती, बुलढाण्याची होती.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. ताराबाईंच्या पुस्तकावर तेव्हा टीका झाली, जोतिरावांनी त्यांची बाजू घेतली, आणि मग ते पुस्तक विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं १९७५ साली. हो, तेच पंच्याहत्तर! म्हणजे ज्या वर्षी चळवळ 'सुरू झाली' असं आम्ही रेडिओवरून सांगितलं, त्या वर्षी खरं तर एका वऱ्हाडी बाईचं ९३ वर्षांपूर्वीचं बोलणं पुन्हा वर आलं होतं.

मधला काळ रिकामा होता का?

दुसऱ्या टप्प्याविषयी पुस्तकांत लिहितात की स्त्रिया स्वातंत्र्याच्या लढ्यात गेल्या आणि स्वतःचे प्रश्न मागे पडले. काही अंशी हे खरं आहे. पण १९२७ हे एकच साल घ्या. जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद भरली. शिकलेल्या, वरच्या घरांतल्या स्त्रिया तिथे मुलींच्या शिक्षणावर बोलल्या. हे साल बहुतेक पुस्तकांत असतं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला दलित स्त्रियाही आल्या होत्या, आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले. स्त्री-चळवळीच्या इतिहासात हे साल मात्र कितीतरी वर्षं कोणी धरलंच नाही.

तसंच आपल्या विदर्भातलं २० जुलै १९४२. नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. त्यांनी काय मागितलं? बाईला घटस्फोटाचा हक्क. एका पुरुषाला अनेक बायका करण्यावर बंदी. गिरणीत आणि विडीच्या कामावर राबणाऱ्या बायांना रजा. निवडून येणाऱ्या सभागृहांत राखीव जागा. यातलं घटस्फोटाचं आणि एकाच लग्नाचं कलम कायद्यात आलं ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात. गावाच्या कारभारात बायांना देशभर राखीव जागा मिळाल्या त्या १९९३ पासून. म्हणजे नागपूरच्या त्या बाया काळाच्या किती पुढे होत्या! पण लाटांच्या हिशेबात १९४२ हा दोन लाटांमधला 'शांत' काळ.

या स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी. गावोगाव फिरून त्या आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क बायांना भेटल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. नावातच उत्तर आहे.

आणखी एक तारीख सांगतो. १८ एप्रिल १९६६. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि सवत आणण्याची मुभा बंद करा, ही मागणी. मोर्चात सातच बाया होत्या. लाट म्हणावी एवढी गर्दी नव्हती, पण पाऊल मोठं होतं.

बहात्तर ते पंच्याहत्तर

मग १९७५ ला काहीच झालं नाही का? झालं, बरंच झालं. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष जाहीर केलं होतं. महाराष्ट्रात पुण्या-मुंबईत, मराठवाड्यात नव्या संघटना उभ्या राहिल्या. पण जमीन आधीच तापलेली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि हातात दाम पडू लागला तशा त्या बोलूही लागल्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या.

आणि १९७२ मध्येच विदर्भात आणखी एक गोष्ट घडली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा त्यातला तर्क होता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला जाहीर पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने आधी तिचं म्हणणं धरून चालायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापायचं नाही, हा नियमही तेव्हाच आला. म्हणून तो खटला तिच्या नावाने ओळखला जात असला, तरी आम्ही इथे नाव घेत नाही. दिल्लीतल्या कायद्याची ती दुरुस्ती आपल्या विदर्भातल्या एका गरीब मुलीच्या तक्रारीतून सुरू झाली, एवढं मात्र लक्षात ठेवा.

शेतातली बाई कुठल्या टप्प्यात?

आता त्या सुनेच्या सातबाऱ्याकडे येऊ. समजा, आपण खूण लावायला मताचा हक्क धरला. मग मोठं साल येईल १९५०, कारण राज्यघटनेने सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मत दिलं. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळली. त्यांनी नाव सांगितलं होतं 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय'. स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय यादीत जागा नव्हती.

आणि खूण म्हणून जमीन धरली, तर साली पार बदलतात. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. खेड्यापाड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या बाया प्रचंड संख्येने आल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं देणं म्हणून नवऱ्याने जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करायचा. ज्या गावातले शंभर नवरे असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. नंतर सरकारनेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना ती लागू नव्हती. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये बाप हयात असायला हवा, अशी अट नाही.

म्हणजे शेतकरी बाईच्या इतिहासाचे टप्पे १९५६, १९८६, १९९४, २००५ असे पडतात. हे साल शहरातल्या पुस्तकात कदाचित कोपऱ्यात असतील. आपल्यासाठी तेच मोठे. निंदण, वेचणी, हळदीची काढणी बाईच्या हातची, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर कागदोपत्री ती शेतकरी नाही. पीककर्ज नाही, अनुदान नाही. ज्या घरात कर्त्या माणसाने आत्महत्या केली, त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात तर नाहीच नाही.

आणि खूण म्हणून जात धरली, तर १८४८ आणि १८५५ नंतर १९२७, १९४२ अशी रेघ येते. ती पुढे १९९६ ला आपल्या शेजारच्या चंद्रपूरला पोचते. तिथे विकासवंचित दलित महिलांच्या परिषदेत मागणी झाली की मनुस्मृती जाळली तो २५ डिसेंबर भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा. आज अनेक गावांत तो पाळतात. ८ मार्च आहेच, पण ही आपल्या मातीतली तारीख.

नदी आटली तरी

लाट हा शब्द समुद्रकाठच्या माणसांचा. आपल्याकडे समुद्र नाही, पैनगंगा आहे. पावसाळ्यात ती दुथडी वाहते, तेव्हा सगळ्यांना दिसते. उन्हाळ्यात पात्रात नुसती वाळू. वरून बघणारा म्हणेल, नदी संपली. पण कळशी घेऊन गेलेल्या बाईला ठाऊक असतं, कुठे झिरा खोदला की पाणी लागतं.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पंच्याहत्तरच्या आधी बाया झोपल्या नव्हत्या. त्या झिरे खोदत होत्या. पूर आला ते साल लिहून ठेवलं गेलं. झिरे खोदणाऱ्यांचं साल कोणी लिहिलं नाही, आणि आम्हीही ते न बघता बोललो.

आणि ताई, घरात कोणी म्हणालं की हे बाहेरचं खूळ आहे, तर त्यांना बुलढाण्याच्या ताराबाई सांगा. नागपूरचं १९४२ सांगा. चांदवड सांगा. सातबाऱ्यावर नाव मागणं ही शहराची नक्कल नाही. आपल्या भागातल्या बायांनी अर्धवट ठेवलेलं काम आपण पुढे नेतो आहोत. मेहरबानी म्हणून मागायची ही गोष्ट नाही.

गटात करून बघा

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने एक लांब रेघ ओढा. एका टोकाला आजी, मग आई, मग आपण, दुसऱ्या टोकाला लेक. आणि एकेक प्रश्न घ्या.

आपल्या घरात शाळेत पहिली कोण गेली? अंगठा सोडून सही पहिली कोणी केली? स्वतःच्या मनाने मत पहिल्यांदा कोणी दिलं? ग्रामसभेत उभं राहून पहिली कोण बोलली? दारूच्या दुकानाविरुद्ध पहिली कोण गेली, आडव्या बाटलीवर शिक्का कोणी मारला? मार खाऊन गप्प न बसणारी पहिली कोण? जमीन किंवा घर कोणाच्या नावावर, कधीपासून?

साल आठवत नसेल तर दुष्काळावरून, लग्नावरून, बाळंतपणावरून काढा. प्रत्येक उत्तरासाठी रेघेवर एक खडा ठेवा. जिथे खडे दाटतील, तिथे तुमच्या गावाचा टप्पा. जिथे एकही खडा नाही, तिथे थांबा आणि म्हाताऱ्या बायांना विचारा. तिथेही काहीतरी सापडेल.

एक गोष्ट मात्र जपा. मोठ्या गल्लीची रेघ, बौद्धवाड्याची रेघ, तांड्याची, आदिवासी वस्तीची रेघ वेगवेगळी ओढा, आणि मग शेजारी ठेवून बघा. खडे एका ओळीत येणार नाहीत. एकीकडे शाळेचा खडा आजीपाशी असेल, दुसरीकडे तो लेकीपाशी असेल, कुठे तो अजून पडायचाच असेल. कोणाचं पाऊल कुठे अडलं हे त्यातून कळेल, आणि पुढच्या वर्षी गटाने कोणतं काम हाती घ्यायचं हेही तिथेच ठरेल.

आपल्या रेघेची वही करा. बचतीच्या वहीशेजारी ती ठेवा. एखादी गोष्ट आम्हाला कळवावीशी वाटली तर कळवा, बोलणाऱ्या बाईची परवानगी असेल तर रेडिओवरून सांगू. आणि पुढच्या ८ मार्चला चळवळ कधी सुरू झाली हे आम्ही सांगणार नाही. ते त्या आजींनाच विचारू.

नमस्कार.